नांदेड ते औसा : चार लिप्यांचा मुलूख

आज नांदेडच्या मुलाला तेलंगणाची राजधानी विचारली, तर तो हैदराबाद म्हणेल. शहाजहानच्या काळात या प्रश्नाचे उत्तर 'नांदेड' असे होते. १६३६ मध्ये शहजादा औरंगजेबाकडे दख्खनचा कारभार आला. त्यात चार सुभे होते : दौलताबाद, खानदेश, वऱ्हाड आणि तेलंगण. यांपैकी तेलंगणाचे मुख्य शहर नांदेड आणि मुख्य किल्ला कंधार. पुढे हा सुभा बिदरच्या सुभ्यात मिसळला. मग आसफजाही आली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. घर न बदलता आमच्या वडीलधाऱ्यांचे राज्य तीनदा बदलले.

हा जुना सुभा मुलांना दाखवावा म्हणून या हिवाळ्यात आम्ही नांदेड, कंधार, उदगीर, औसा असा प्रवास केला. कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्या लोकांच्या खुणा पाहायला सांगितले आहे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

नांदेडला गोदावरीच्या काठी नंदगिरीचा किल्ला आहे. जवळच सचखंड गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये येथेच निवर्तले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी पाट्या पाहून धाकट्याने विचारले, "ही कोणती भाषा?" आम्ही त्याला सांगितले की भाषा पंजाबी, लिपी गुरुमुखी, आणि याच गुरूंनी औरंगजेबाला पाठवलेले 'जफरनामा' हे प्रसिद्ध पत्र फारसीत आहे.

लोह्यावरून कंधारला जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन, तूर आणि ज्वारी. मधूनच लाल रंगाची गुरे दिसतात. ती इथलीच 'लाल कंधारी' जात. लातूर जिल्ह्यात देवणीच्या गुरांना असाच मान आहे.

कंधारचा किल्ला भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला संस्कृत शिलालेख कंधारला मिळाला आहे. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे अभ्यासक मानतात. याच कंधारच्या किल्ल्यात पुढच्या काळातले फारसी लेखही आहेत. गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे आणि त्यांच्या उरुसाला सर्व समाजांचे लोक येतात.

कंधारहून दक्षिणेला उदगीर. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. १७६० च्या फेब्रुवारीत या भागात सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजेने निजामाचा पराभव केला. मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता, आणि तो आधी निजामाच्याच चाकरीत होता. पुढच्या वर्षी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. उदगीरची लढाई दोन राज्यांची होती. ती दोन धर्मांची म्हणून सांगणाऱ्याला इब्राहिमखानाचे नाव गाळावे लागते.

औशाचा किल्लाही भुईकोट. उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले १६३६ मध्येच मोगलांनी घेतले. याच औसा तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक झोपेत असताना भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. त्या ढिगाऱ्यांत घरांबरोबर पेट्या गेल्या आणि पेट्यांबरोबर कागद.

मंजरा नदी लातूर जिल्ह्यातून वाहते, तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. कंधारचा खंदक डोळ्यांपुढे होता, म्हणून ही गोष्टही मुलांना सांगितली.

आता १९४८. हा विषय आमच्या घरांत दबक्या आवाजात निघतो. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जुलूम केले, हे खरे आहे. हैदराबादचा उर्दू दैनिक 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्लाह खान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला ठार मारण्यात आले, हेही खरे आहे. पोलीस कारवाईनंतर सामान्य मुसलमानांवर जे ओढवले त्याची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदूही त्यांना भेटले. हा अहवाल सर्वांसाठी खुला व्हायला २०१३ साल उजाडले. मुलांना यातले एकच पान वाचून दाखवणे म्हणजे त्यांच्याशी खोटे बोलणे आहे, मग ते पान कोणतेही असो.

संस्थानात १८८४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा फारसी होती, नंतर उर्दू आली. गावपातळीवर मोडी चाले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा निजामकालीन दप्तर वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारे लोक शोधावे लागले. मराठा शेतकऱ्याच्या पणजोबाची नोंद उर्दूत सापडू शकते, तशीच आपल्या पणजोबाची मोडीत सापडू शकते. मराठीने जमीन, वारस, तहसील, नक्कल हे शब्द फारसी-अरबीतून घेतले आणि आपल्या दखनीने 'नक्को' आणि 'अइसाच' मधला 'च' मराठीतून घेतला.

नागरी, फारसी-उर्दू, मोडी, गुरुमुखी : या चार लिप्यांत या मुलखाची हकिकत लिहिलेली आहे. त्यांतली उर्दू वाचणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत, पण बहुतेक सत्तरीच्या पुढची. आपली मुले मराठी किंवा इंग्रजी शाळांत जातात. त्यात वाईट काही नाही, मात्र आजोबांची सही त्यांना वाचता येत नाही.

आमची वाचकांना विनंती आहे. घरात इनामाची सनद, खरेदीखत, निकाहनामा, उस्मानिया विद्यापीठाचे प्रमाणपत्र असे काही असेल, तर रद्दीत देऊ नका. घरातल्या बुजुर्गांना बसवून ते वाचून घ्या आणि मराठीत उतरवा. मोडीतला कागद असेल तर मोडी जाणणाऱ्याकडे न्या. दर रविवारी अर्धा तास मुलांना उर्दू अक्षरे गिरवू द्या. मोडीचा वर्ग जवळ निघाला तर तिथेही पाठवा. परतल्यावर आमच्या मोठ्या मुलीने दादीजवळ बसून अलिफ, बे गिरवायला घेतले आहे, आणि दादीने ट्रंकेची किल्ली काढून दिली आहे.