सेल्फ मारताना मीटर बघ

गॅरेजमध्ये शिकायला लागल्यावर मला सर्वांत जास्त चक्रावून टाकलं ते मीटरने. "गाडी चालू होत नाही" असं कुणी म्हणालं की मिस्त्री आधी विचारतात, "सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय का?" फिरत नसेल तर बॅटरी, वायरिंग, स्टार्टर बघायचं. फिरतंय पण धरत नाही, तर पेट्रोल नाहीतर स्पार्क. इथवर डोक्यात शिरलं.

मग एक जुनी पेट्रोल गाडी आली. सेल्फ मारला की नुसतं टक्‌-टक्‌, आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. बॅटरीला मीटर लावला तर 12.5 व्होल्ट! बॅटरी भरलेली, मग इंजिन का फिरेना? मिस्त्री म्हणाले, "आता मी सेल्फ मारतो, तू बघत रहा." टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरली होती, आकडा जेमतेम हलला. मग प्लसचं टोक त्यांनी मला खुंटावरून बोटभर सरकवून त्यावरच्या क्लॅम्पवर ठेवायला लावलं. परत सेल्फ. आकडा 7 वर कोसळला. दोन्ही धातू एकमेकांना घट्ट आवळलेले, आणि मधल्या त्या हिरवट-पांढऱ्या पुडीत पाच व्होल्ट गडप! आधी मायनस, मग प्लस सोडून क्लॅम्प काढला, गरम पाणी आणि तारेच्या ब्रशने घासला, आणि इंजिन गर्रकन फिरलं. मी कितीतरी वेळ त्या क्लॅम्पकडेच बघत होतो.

पेट्रोलच्या बाजूला तरी सोपं असेल, असं वाटलं होतं. पण इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि विजेवर चालतो. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. एका गाडीत ती येईना. फ्यूज शाबूत. पंपाचा प्लग काढून मोजलं तर चावी ऑन करताच पूर्ण 12 व्होल्ट. पंपच गेला, असं कुणीही म्हणेल. मिस्त्रींनी प्लग परत बसवला आणि मागच्या बाजूने टोक खुपसून मोजायला लावलं: जेमतेम 5. रिलेचे आतले पॉइंट जळले होते. करंट वाहायला लागल्याशिवाय हा दोष दिसतच नाही, आणि नवा पंप टाकूनही गाडी तशीच उभी राहिली असती. नवा पंप काही स्वस्त नाही.

सध्या दारात उभी आहे ती गाडी तापली की बंद पडते, थंड झाली की निमूट सुरू होते. मिस्त्रींचा संशय क्रँक सेन्सरवर आहे. पंपाची गुणगुण ऐकली, स्पार्क पाहिला; थंडपणी सगळं ठीक. आता ती गरम करून, बंद पडताक्षणीच मोजायचंय.