इंजिनाचा पिवळा दिवा

दिवेलागणीची वेळ ही आपल्याकडे समाधानाची वेळ मानिली जाते. दिवा लागला कीं अंगणांत खेळणारीं मुलें घरांत येतात, वडील माणसें हातांतलें काम बाजूस ठेवितात, आणि घटकाभर घर शांत होतें. परंतु मनुष्यानें असाही एक दिवा करून ठेविला आहे कीं, तो लागला असतां मनाची शांतता नाहींशी होते, आणि तो केव्हां विझेल असें सर्वांस होऊन जातें. मोटारगाडींत चालकाच्या डोळ्यांसमोर, इंजिनाच्या लहानशा आकृतीच्या रूपानें उजळणारा पिवळा दिवा तो हाच. या दिव्याशीं आमचा जो परिचय घडला, त्याची हकीकत आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचें राहणें वाईस. तीर्थरूप अण्णांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यापासून त्यांस आठवड्यांतून दोनदां डायालिसिससाठीं साताऱ्यास न्यावें लागतें. एस. टी.ची दगदग त्यांस सोसेना, आणि नवी मोटार घेण्याचें सामर्थ्य शिक्षकाच्या पगारांत नाहीं. म्हणून २०२३ सालीं आम्हीं २०१४ सालची एक जुनी पेट्रोलची गाडी विकत घेतली.

घेतेवेळीं एका जाणत्या स्नेह्यानें आमच्याकडून दोन गोष्टी करवून घेतल्या. पहिली ही कीं, इंजिन सुरू न करितां नुसती किल्ली फिरवावी. त्या वेळीं इंजिनाचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझलाच पाहिजे. किल्ली फिरवूनही जो दिवा लागत नाहीं, तो निरोगी गाडीचा दिवा नसून कोणीं तरी मुका करून ठेविलेला दिवा असण्याचा संभव असतो. दुसरी गोष्ट अशी कीं, गाडीच्या संगणकाची स्मृति नुकतीच पुसलेली आहे काय, हें पाहावें. आपल्या देशांत एप्रिल २०१३ पासून नव्या चारचाकी गाड्यांस 'ओ. बी. डी. दोन' ही स्वतःची तपासणी स्वतःच करण्याची योजना सक्तीची झाली. चालकाच्या पायांच्या वरच्या बाजूस सोळा पिनांची एक खोबण असते. तींत वाचक-यंत्र जोडलें म्हणजे संगणकानें नोंदलेले दोष तर कळतातच. पण इंजिनाच्या कोणत्या परीक्षा पुऱ्या झाल्या व कोणत्या राहिल्या, हेंही कळतें. स्मृति पुसली कीं दोषांबरोबर परीक्षांचे निकालही पुसले जातात, आणि गाडी निरनिराळ्या वेगांनीं कांहीं काळ चालविल्यावांचून ते परत येत नाहींत. सर्व परीक्षा अपुऱ्या दाखविणारी गाडी निर्दोष नव्हे. तिची पाटी नुकतीच पुसलेली आहे, इतकेंच. आमच्या गाडीची पाटी भरलेली व स्वच्छ निघाली, तेव्हांच व्यवहार ठरला.

पुढें २०२४ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं अण्णांस घेऊन आम्ही निघालों असतां, पाचवडास हमरस्त्याला लागल्यावर थोड्याच अंतरावर तो पिवळा दिवा लागला. अण्णांची पाळी दहा वाजतांची होती. ती चुकली तर अंगांत पाणी सांचून त्यांस धाप लागते, हें आम्हांस ठाऊक होतें. गाडी कडेला उभी केली. अशा वेळीं घाबरून न जातां दिव्याचा रंग व त्याची वागणूक पाहावी. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला असता, किंवा उष्णतेचा काटा वर चढला असता, तर इंजिन तत्काळ बंद करून तेथेंच थांबणें हा एकच मार्ग होता. पिवळा दिवाच उघडझाप करूं लागला असता, तर सिलिंडरांत पेट्रोल नीट पेटत नाहीं, आणि तें न जळतां पुढें जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या पात्रास तापवून नासवील, अशी ती सूचना झाली असती. आमचा दिवा स्थिर होता. काटा जागच्या जागीं होता, तेलाचा दिवा विझलेला होता. केवळ उभ्या गाडींत इंजिन किंचित् थरथरत होतें. स्थिर पिवळा दिवा 'थांबा' असें म्हणत नाहीं, 'लवकर तपासून घ्या' असें म्हणतो. वेग बेताचा ठेवून आम्ही साताऱ्यास वेळेवर पोंचलों.

अण्णांस आंत नेल्यावर चार तास मोकळे होते. पहिल्या दुकानदारानें इंजिनाचें झांकणही न उघडतां सल्ला दिला, "बॅटरीची वायर सोडून ठेवा सर, थोड्या वेळानं लावा. दिवा जातो." दुसऱ्यानें वाचक-यंत्र लाविलें. त्यावर 'पी ०१७१' हा क्रमांक उमटला. मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी, असा त्याचा अर्थ. त्यावरून त्यानें प्राणवायु मापणारा सेन्सर बदलावयास सांगितला आणि सहा हजार रुपयांचा अंदाज दिला. पहिल्याचा उपाय फुकट होता व दुसऱ्याचा महाग होता; पण इंजिनांत काय बिघडलें आहे, हें दोघांपैकीं कोणींच पाहिलें नव्हतें. आम्हीं दोघांसही नकार दिला आणि एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. ते क्रमांक पाहून म्हणाले, "सर, हा नंबर दुखतंय कुठं तेवढं सांगतो. का दुखतंय ते आपण शोधायचं."

मग त्यांनीं आम्हांस जें समजाविलें, तें विज्ञानाच्या तासास शोभण्यासारखें होतें. पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें त्याच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. आंत येणारी हवा मोजून संगणक त्या मानानें पेट्रोल सोडतो, आणि धुराच्या नळींतील सेन्सर उरलेला प्राणवायु पाहून हिशेब जुळला कीं नाहीं, तें कळवितो. आतां हवा मोजण्याच्या जागेपुढें एखाद्या नळीस फट पडली, तर न मोजलेली हवा आंत शिरते. सेन्सर म्हणतो, "हवा फार झाली". आणि तें खरेंच असतें. खरी साक्ष देणाऱ्यास घालवून त्याच्या जागीं दुसरा साक्षीदार आणिला, तर तोही तीच साक्ष देणार! हें सांगून मिस्त्रींनीं हवेच्या मार्गांत धूर सोडला. थोड्याच वेळांत एका रबरी नळीच्या खालच्या अंगानें धुराची बारीक रेघ वर आली. वयोमानानें रबर तडकलें होतें. भेग नखाएवढी होती. नळी व मजुरी मिळून साडेचारशें रुपये झाले. दिवा मात्र त्यांनीं मुद्दाम पुसला नाहीं. दोष खरोखर गेला असेल, तर लागोपाठ तीन फेऱ्यांत तो पुन्हां न आढळल्यावर संगणक आपण होऊनच दिवा विझवितो. आठवडा संपण्यापूर्वीं आमचा दिवा तसाच विझला.

त्या दिवशीं परत येतांना हा सर्व वृत्तांत आम्हीं अण्णांस सांगितला. ते पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "तुझ्या गाडीला दिवा तरी आहे. माझ्या रक्तदाबाला दिवा नव्हता. आणि पायांना सूज आली, तेव्हां दुकानांतून गोळी आणून मी ती उतरवली. सूज गेली, मी म्हटलं बरा झालों. बॅटरीची वायर सोडली म्हण."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाढलेला रक्तदाब पुष्कळदां कोणतेंही लक्षण न दाखवितां वर्षानुवर्षें मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडवीत असतो. तो मोजल्यावांचून कळत नाहीं. आमच्या पालकवाचकांनीं निदान वर्षांतून एकदां तो मोजून घ्यावा, एवढीच अण्णांची व आमची विनंती आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही हातीं वर्षांतून कांहीं वेळां असा एक दिवा दिला जातो. प्रगतिपुस्तकांतील तांबडी रेघ तो दिवा होय. तें पान घरीं न दाखवितां दप्तरांत दडविणारा मुलगा बॅटरीची वायर सोडणाराच समजावा. आणि पालकांनीं राग मानूं नये, परंतु तें पान पाहतांच एकदम दोन शिकवण्या लावणारे वडील हेही न तपासतां सेन्सर बदलणारेच होत. गणितांत गुण कमी पडले, एवढेंच ती रेघ सांगते. कां पडले, तें शोधावयाचें असतें. कोणाचे अपूर्णांक पांचवींत कच्चे राहिलेले असतात, कोणास मागच्या बांकावरून फळा नीट दिसत नसतो, कोणाच्या घरीं आजारपण असतें. भेग बहुधा नखाएवढीच असते. तेव्हां पुढच्या खेपेस असें पान घरीं आलें, तर तें मुलांनीं व वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून उघडावें, आणि आधीं ती भेग शोधावी.