धरायचा आणि सोडायचा

"पहाटे चारला उठून, एवढे पैसे मोजून मासे धरायला जायचं, आणि धरलेला मासा सोडून द्यायचा?" आईने फोनवर विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिपळूणच्या बाईला हे कोण समजावणार?

तर झालं असं की प्रॉजेक्ट एकदाचा संपला, आणि मी आणि रूममेटने मिळून एका गाइडचा अख्खा शनिवार बुक केला. नदीचं नाव डेशूट्स. हिल्सबोरोहून निघालं आणि माउंट हूड ओलांडून पलीकडे उतरलं की गर्द झाडी हळूहळू संपते. ढग डोंगरातच रिकामे होतात. आपल्या सह्याद्रीचंच गणित, घाटापलीकडे माणदेश तसं इथे मॉपिन. सेजब्रशची खुरटी झुडपं, काळ्या बेसॉल्टचे थरावर थर, आणि त्या रखरखाटात खाली भरभरून वाहणारी नदी. तिला झऱ्यांचं पाणी मिळतं, म्हणून ती बारा महिने अशीच वाहते.

गाइड साठीचा, कमी बोलणारा. होडी त्याचीच, पण इथे होडीतून मासे धरायला बंदी आहे. होडीने जायचं, उतरायचं आणि मांडीभर गार पाण्यात काठी टेकत उभं राहायचं. खरं आमिष चालत नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, आणि तिच्या गळालाही उलटा काटा नाही. माशीला वजनच नसतं, त्यामुळे फेकायची असते ती जाड दोरी. माझी दोरी दर वेळी पायाशी गोळा होऊन पडायची.

"मागे गेलेल्या दोरीला सरळ व्हायला वेळ दे. तू फार घाई करतोस," तो म्हणाला. माझा मॅनेजर नेमकं उलटं सांगतो :)

दुपारपर्यंत एक ट्राउट लागला. वीतभर, अंगावर लालसर पट्टा. गाइडने तो पाण्यातच ओल्या हातांनी धरला आणि सांगितलं, हा आणि स्टीलहेड एकच जात. ऑंकोरिंकस मायकिस. काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, ती ट्राउट. काही कोलंबिया नदीतून समुद्रात जातात, एक-दोन वर्षांनी तिप्पट-चौपट होऊन परत येतात, ती स्टीलहेड. येताना दोन धरणं चढावी लागतात.

"कोण जाणार, कोण राहणार, हे कसं ठरतं?"

"थोडं रक्तात असतं. थोडं लहानपणी किती खायला मिळालं त्यावर. मासा ठरवत नाही."

मग म्हणाला, २०२१मध्ये इतके कमी परतले की इथली स्टीलहेडची मासेमारीच बंद करावी लागली.

२०२१. त्याच जुलैमध्ये वाशिष्ठी आमच्या घरात शिरली होती. भिंतीवर डोक्याच्या वर चिखलाची रेघ. तेव्हापासून बाबांचा एकच प्रश्न. "तू येणार असशील तर घर ठेवतो, नाहीतर काढून टाकतो." आणि माझं एकच उत्तर, "पुढच्या वर्षी बघू." बाबा दर पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवतात, आणि मी इथून हवामानाचं ॲप बघतो.

संध्याकाळी ऊन दरीतून वर सरकलं. माशी प्रवाहात आडवी वाहत होती, आणि अचानक दोरी हातातून खेचली गेली. रीळ किंचाळलं. एक चंदेरी धूड पाण्याबाहेर उसळलं आणि गेलं. सगळं मिळून पाच सेकंद. हात थरथरत होते. गाइड हसत होता.

"जंगली होता. शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता. हॅचरीच्या माशांचा तो कापलेला असतो. धरला असतास तरी सोडावाच लागला असता."

परतीच्या वाटेवर रेंज आल्याबरोबर घरी फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ. बाबांनीच उचलला.

"बाबा, मी येईन की नाही, मला खरंच माहीत नाही. माझ्यासाठी म्हणून घर ठेवू नका. तुम्हाला आणि आईला काय हवंय, ते करा."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

"हे तीन वर्षांपूर्वी सांगायचंस रे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हे जास्त लागलं. मग म्हणाले, "आम्ही बघतो. वरच्या आळीला एक जागा आहे, तिथे पाणी चढत नाही."

मागून आईचा आवाज आला, "मासा मिळाला का विचारा!"

"एक मिळाला. सोडून दिला."

"शहाणाच आहे," आई म्हणाली.

असो. उद्या सोमवार, हापिस आहे.