जोडणीवर लादलेले ओझे

अमेरिकेतील एओएल या कंपनीने 30 सप्टेंबर 2025 रोजी आपली डायल-अप सेवा, म्हणजे साध्या टेलिफोनच्या तारेवरून मॉडेमच्या साहाय्याने मिळणारे इंटरनेट, कायमची बंद केली आणि तिच्यासोबत जुन्या संगणकांसाठीचे एओएल डायलर व एओएल शील्ड हे दोन प्रोग्रॅमही मागे घेतले. ही बातमी वाचताना प्रस्तुत लेखकाला सेवा संपल्याची हळहळ वाटली. डायलर संपल्याचे मात्र समाधानच वाटले.

सेवादात्याचा क्रमांक फिरवून जोडणी करून देणाऱ्या प्रोग्रॅमला डायलर म्हणत, आणि विंडोज 98 मध्ये ही सोय मुळातच असल्याने वेगळा डायलर टाकण्याची बहुधा गरज नसे. डायल-अप नेटवर्किंगच्या लहानशा चौकटीत फोन क्रमांक, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरला, की मॉडेम आधी डायल टोन घेई, मग आकड्यांचे सूर वाजत, मग दोन्ही टोकांची मॉडेमे आपसांत वेग ठरवत असतानाची ती खरखर ऐकू येई आणि ती थांबताच पडद्यावरील घड्याळाशेजारी दोन संगणकांचे इवलेसे चित्र उमटे. त्या चित्राइतके नेटके आणि विनम्र काही नंतरच्या संगणकांवर क्वचितच दिसले.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरात मात्र सेवादात्याची सीडी आली. तिने डायलरसोबत स्वतःचा शिक्का मारलेला ब्राउझर, गप्पांचा प्रोग्रॅम आणि पडद्याच्या तळाशी जाहिरातींची न हलणारी पट्टी असा सारा संसार 32 एमबी मेमरीच्या मशीनवर मांडला, आणि मशीन सुरू होताच हे सारे आपोआप जागे होत असल्याने साधे पत्र टंकायलाही ताटकळावे लागे. ब्राउझरचे पहिले पान बदलून ठेवले, तरी पुढच्या जोडणीला सेवादात्याचेच चित्रांनी भरलेले पान उघडे. 33.6 केबीपीएसच्या मॉडेमवर एक एमबी मजकूर उतरायला किमान चार मिनिटे लागत आणि तेवढ्या वेळात विकत घेतलेले तासही सरत, फोनचे मीटरही पळे. म्हणजे न मागितलेल्या पानाचे पैसे ग्राहकच भरत होता.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना शेल अकाउंट मिळे, ज्यात काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे दिसत. 1998च्या धोरणाने खाजगी सेवादात्यांना वाट मोकळी झाली आणि ग्राहकाच्या पडद्यावर जागा धरण्याची चढाओढ लागली. अमेरिकेत तर 1999 साली आलेली एओएलची पाचवी आवृत्ती संगणकाची नेटवर्क-रचना बदलून इतर सेवादात्यांची जोडणी बिघडवते, अशी तक्रार घेऊन लोक न्यायालयात गेले.

पुण्यातल्या त्या घरात न्यायालयाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. ‘अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’मधून तो संसार काढायला घेतला, निळी पट्टी शेवटापर्यंत भरली, आणि त्यानंतर मूळची डायल-अप जोडणीही लागेना. दुरुस्तीला आलेल्या मुलाने मशीन पाहून सांगितले, “फॉरमॅट मारावा लागेल.” त्या फॉरमॅटमध्ये न्यू जर्सीला गेलेल्या थोरल्या भावाची आउटलुक एक्स्प्रेसमध्ये साठलेली पत्रे पुसली गेली, आणि त्या सेवादात्यावरचा राग इतक्या वर्षांनीही निवळलेला नाही.

ती पत्रे मराठीत होती, पण लिहिलेली रोमन अक्षरांत. आई ती स्वतः वाचू शकत नसे, त्यामुळे धाकट्याने मोठ्याने वाचायची आणि तिने चष्मा पुसत ऐकायची, असा क्रम होता. विंडोज 98 मध्ये देवनागरीची सोय नव्हती. मराठी दैनिकांची संकेतस्थळे आपापला फाँट उतरवून घ्यायला सांगत आणि एका दैनिकाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे. असा फाँट शंभर-दोनशे केबींत मावत असे. सीडीवर जाहिरातींच्या पट्टीला जागा होती, गप्पांच्या प्रोग्रॅमला होती. आईला मुलाचे पत्र वाचता यावे म्हणून लागणाऱ्या अक्षरांना मात्र नव्हती. पुढे विंडोज 2000 सोबत मंगल हा युनिकोड फाँट आला आणि ही अडचण हळूहळू सरली, पण ती पत्रे परत आली नाहीत.

ग्राहक पैसे मोजतो ते जोडणीचे. त्याच्या यंत्रावरची जागा, मेमरी आणि वेळ सेवादात्याला आंदण दिलेली नसते. आज फायबरची जोडणी द्यायला आलेला माणूसही कंपनीचे अ‍ॅप टाकण्यासाठी हात पुढे करतो. वाचकांनी त्याच्याकडे वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तेवढा मागून घ्यावा, आणि फोन आपल्याच हातात ठेवावा.