बाहेर पडायची सोय

फोनची ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची वेळ बहुतेकांवर येतच नाही. दुकानात आपण कॅमेरा बघतो, बॅटरी विचारतो, हप्ता किती बसेल याचा हिशेब करतो आणि फोन घेऊन घरी येतो. सिस्टिम त्याच्यासोबत आपसूक येते. मी मात्र गेल्या वर्षी फोन घेताना बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त सिस्टिमचाच विचार करत बसले. त्याला कारण होतं. बंद पडलेल्या सिस्टिमवर मी काही वर्षं काढली आहेत.

२०१३ साली मी नोकियाचा ल्युमिया ५२० घेतला होता, साडेदहा हजारांच्या आसपास. त्यात विंडोज फोन ही मायक्रोसॉफ्टची सिस्टिम होती. रॅम जेमतेम ५१२ एमबी, समोरचा कॅमेरा नाही, फ्लॅश नाही. तरीही तो पडद्यावर बोट फिरेल तसा अलगद सरकायचा. त्याच किमतीतले त्या काळचे अँड्रॉइड फोन व्हॉट्सॲप उघडतानाच धापा टाकायचे. ल्युमियाच्या मुख्य पडद्यावर आयकॉनांऐवजी मोठमोठ्या रंगीत चौकटी असायच्या आणि नवा निरोप, चुकलेला कॉल, हवामान असं सगळं त्या चौकटींवरच वाचता यायचं. सगळ्यात लाडके होते ते त्याचे नकाशे. अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचा आणि निघायचं. भोरहून महाडला जाताना वरंध घाटात रेंज गेली तरी पडद्यावरचा बाण आपला चालत राहायचा. गाडीतले बाकीचे आपापले महागडे फोन खिडकीबाहेर धरून रेंज शोधत असायचे.

हा फोन मी घेतला तो नोकियाच्या नावावर. त्याआधीचा माझा फोनही नोकियाचाच होता, सिंबियनवर चालणारा. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कंपनीची तुलना समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटाशी केली होती, आणि लगेच मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली होती. ते मी पेपरात वाचलं होतं. पण ग्राहक म्हणून मला एवढंच कळत होतं की नोकिया म्हणजे टिकाऊ. सिस्टिमच्या टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा असतो हे तेव्हा डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं.

विंडोज फोन संपला तो वाईट होता म्हणून नव्हे. वापरणारे थोडे म्हणून ॲप बनवणारे फिरकत नव्हते, आणि ॲप नाहीत म्हणून वापरणारे वाढत नव्हते. मायक्रोसॉफ्टने त्यावर स्वतः यूट्यूबचं ॲप करून पाहिलं. २०१३ मध्ये गूगलने ते अडवलं. इन्स्टाग्राम त्या वर्षाच्या अखेरीस आलं, तेही बीटा म्हणून. यातल्या कशावाचूनही माझं अडत नव्हतं. अडायला लागलं ते नोटाबंदीनंतर. ३० डिसेंबर २०१६ ला भीम ॲप आलं ते फक्त अँड्रॉइडवर. फेब्रुवारीत ते आयफोनवर आलं. मंडईत भाजीवाल्या मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे फोनवर घ्यायच्या आणि मी *९९# डायल करून, एकेका आकड्याने पर्याय निवडत उभी असायची. तो मार्ग कुठल्याही साध्या फोनवर चालतो, त्यामुळे काम व्हायचं. पण मागे रांग लागायची. त्यातच माझ्या बँकेने विंडोजवरचं आपलं ॲप बंद केल्याचा निरोप आला. २०१७ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८.१ ला अपडेट देणं थांबवलं. २०१९ च्या शेवटच्या दिवशी व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनचा निरोप घेतला, पण तोवर मी केव्हाच बाहेर पडले होते.

त्या बाहेर पडण्यानेच मला शिकवलं. नंबर सहज आले, कारण ते ईमेलच्या खात्यात साठलेले होते. फोटो संगणकावर उतरवून नव्या फोनमध्ये टाकले. व्हॉट्सॲपवरचं बोलणं मात्र एका सिस्टिमवरून दुसरीवर जसंच्या तसं न्यायची अधिकृत सोय तेव्हा नव्हती. मी मुद्रितशोधनाचं काम करते आणि बाबा मला रोज सकाळी पेपरातल्या चुका काढून पाठवायचे: पान, स्तंभ, ओळ, चूक काय, बरोबर काय. ते सगळं मी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वतःला मेल करून घेतलं. ती फाइल आजही माझ्याकडे आहे. वेळेची नोंद, बाबांचं नाव, पुढे मजकूर. वाचता येतं, आणि तेवढं मला पुरेसं आहे. पण त्या दिवसापासून कुठलीही नवी सेवा दिसली की माझ्या मनात आधी एकच प्रश्न येतो: यातून निघायचं झालं तर काय?

गेल्या वर्षी माझ्या अँड्रॉइड फोनला सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं. फोन ठणठणीत होता, पण बँकेचे व्यवहार त्यावर करायचे म्हणजे धाकधूक. ही बातमी भाच्याला कळली आणि तो रविवारी सकाळी हजर.

“मावशी, आता तरी आयफोन घे.”

त्याचे मुद्दे चांगले होते, ते मान्य करायला मला काही जड गेलं नाही. ॲपल आपल्या जुन्या फोनची काळजी घेते हे खरंच आहे. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ मध्ये आलेली आयओएस १५ सुद्धा मिळाली होती. त्या काळातल्या अँड्रॉइड फोनना दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडलं जायचं. खासगीपणाचंही तसंच. एप्रिल २०२१ पासून आयफोनवरच्या ॲपला दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपमधून आणि वेबसाइटवरून आपला माग काढायचा असेल, तर आधी आपली परवानगी मागावी लागते. गूगलचं पोट जाहिरातींवर भरतं, ॲपलचं मुख्यतः फोन विकून. त्यामुळे दोघांची नजर वेगळी असणारच. शिवाय जुना आयफोन विकायला काढला तर किंमत बरी येते. “आणि तुला परवडेल असाही निघालाय,” म्हणत त्याने आयफोन १६ई दाखवला. तो ५९,९०० रुपयांना बाजारात आला होता. परवडण्याची त्याची आणि माझी व्याख्या वेगळी आहे, पण ते सोडा.

आम्ही दुकानात गेलो. मला बघायचं होतं ते मराठी. दोन्ही फोनवर मी माझे नेहमीचे खोडसाळ शब्द टाइप केले: दुसऱ्याचा, ज्ञानेश्वरी, ॲप, वाङ्मय, तऱ्हा. दुकानातला मुलगा आधी गोंधळला, मग म्हणाला, “मॅडम, कॅमेरा बघायचा नाही का?” दोन्ही फोन पास झाले. हे सहज म्हणून सोडून देण्यासारखं नाही. २०११ च्या सुमाराच्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी रिकाम्या चौकटी दिसायच्या किंवा वेलांट्या अक्षराला सोडून भलतीकडेच उभ्या राहायच्या. मराठी पेपर वाचायचा तर ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये शिरून मजकूर चित्ररूपात दाखवायचा पर्याय चालू करावा लागायचा. आयफोनचीही एक गंमत आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या ‘ज्ञा’सारख्या एका जोडाक्षराने जगभरातले आयफोन गडबडले, ते अक्षर निरोपात आलं की ॲप बंद पडायचं. ॲपलने तातडीने अपडेट काढून ते सावरलं. आपल्या लिप्यांनी दोन्ही सिस्टिमची अशी परीक्षा घेतली आहे आणि आज दोन्ही उत्तीर्ण आहेत.

फरक होता तो उशिराचा. अँड्रॉइडची सगळी सेटिंग मराठीत मिळायला लागली ती २०१४ मध्ये, पाचव्या आवृत्तीपासून. आयफोनवर मराठी ही पूर्ण सिस्टिमची भाषा झाली ती २०२५ मध्ये, आयओएस १८.४ पासून. मला स्वतःला याने फरक पडत नाही, मी फोन इंग्रजीतच वापरते. आईला पडतो. ती साताऱ्याला असते, तिचा फोन संपूर्ण मराठीत आहे आणि ती निरोप टाइप करत नाही, बोलते. गूगलने २०१७ मध्ये मराठी बोलून लिहायची सोय आणली आणि आमच्या आईला जणू तिचं वृत्तपत्रच सुरू करून मिळालं. विरामचिन्ह एक नाही, पण वस्तीतली एक बातमी सुटत नाही.

दुकानातूनच आईला फोन लावला. आयफोन घेऊ का, म्हणून विचारलं.

“घे की. तुझ्या पैशानं घेतीयस, मला कशाला विचारतीस?” मग जरा थांबून, “पण मग माझं काही अडलं तर मी कुणाला विचारू?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आई फोन करते तेव्हा “ते हिरवं कुठं गेलं?” असं विचारते आणि मी माझा फोन समोर धरून तिला वाट सांगते: वरून खाली ओढ, चाकाच्या चित्रावर दाब, तिसऱ्या ओळीत बघ. माझा पडदा तिच्या पडद्यासारखा आहे म्हणून हे जमतं. सिस्टिम निवडताना आपण एकट्यापुरती निवडत नसतो. जो आपल्याला विचारतो आणि ज्याला आपण विचारतो, त्यांचीही ती निवड असते. भाच्याच्या कचेरीत सगळे आयफोनवाले, म्हणून त्याला आयफोन सोयीचा. एकमेकांना फोटो झटक्यात पाठवतात, चार्जर उसना घेतात. त्याचंही बरोबर आहे.

तरी माझा मूळ प्रश्न उरलाच होता. तो मी चहा पिता पिता भाच्याला विचारला. “समज, पाच वर्षांनी मला यातून निघायचं झालं. मग?”

“निघायचं कशाला?” तो म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. घर भाड्याने घेताना आपण डिपॉझिट परत कधी, नोटीस किती महिन्यांची, हे करारावर सही करण्याआधी विचारतो आणि त्यात घरमालकाचा अपमान नसतो. फोनच्या बाबतीत हे विचारलं की लोक चमकतात.

आम्ही दोघांनी बसून मांडणी केली. फोटोंचं सोपं झालंय: आयक्लाउडमधले फोटो गूगल फोटोजकडे परस्पर पाठवायची सेवा ॲपलने २०२१ मध्येच सुरू केली. व्हॉट्सॲपवरचं बोलणंही आता हलतं. आयफोनवरून अँड्रॉइडवर न्यायची सोय २०२१ पासून, उलट दिशेने २०२२ पासून. माझ्या वेळी जे अशक्य होतं ते आता केबल जोडून होतं. अडकतं ते बाकीचं. एका दुकानातून विकत घेतलेलं ॲप दुसऱ्या दुकानात चालत नाही, पुन्हा पैसे भरा. भाच्याचं घड्याळ ॲपलचं, ते आयफोनशिवाय नीट चालतच नाही. त्याच्या नोंदी, त्याचे पासवर्ड, त्याची सगळी सवय तिथेच. यादी लांबत गेली तसा तो गप्प होत गेला.

अँड्रॉइडबद्दलही मी भाबडी नाही. त्याचा गाभा लिनक्सचा आणि मूळ संहिता कुणालाही बघायला खुली, हे खरं. पण प्ले स्टोअर आणि त्याच्या मागची यंत्रणा गूगलच्या मुठीत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, तो उगाच नाही. तरी दोन गोष्टी माझ्यासाठी वजनदार ठरल्या. एक, आपला सगळा साठा एका गठ्ठ्यात उतरवून घ्यायची सोय गूगलने २०११ पासून ठेवली आहे. दुसरी आणि मोठी: अँड्रॉइडचा फोन बनवणारे अनेक आहेत. एप्रिल २०२१ मध्ये एलजीने फोनचा धंदाच बंद केला, तेव्हा एलजीवाल्यांना फक्त पुढचा फोन दुसऱ्या कंपनीचा घ्यावा लागणार होता. सिस्टिम सोडावी लागणार नव्हती. विंडोज फोनचं नेमकं उलटं झालं होतं. तिथे नोकिया आणि मायक्रोसॉफ्ट सोडले तर मनापासून फोन बनवणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी हात काढल्यावर सगळंच संपलं.

अपडेटचा मुद्दाही आता तेवढा एकतर्फी राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ आले ते सात वर्षांच्या अपडेटचं वचन घेऊन. वचन पाळलं जातं का, ते २०३० नंतर कळेल. पण लेखी वचन असलेला फोन आणि नसलेला फोन यांत मी लेखी वचनाचा घेतला. अँड्रॉइडच.

भाचा थोडा हिरमुसला, पण रुसला नाही. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मी नवा फोन संगणकाला जोडून बसले होते. नंबरांची फाइल काढली, फोटो हार्ड डिस्कवर घेतले, व्हॉट्सॲपचं बोलणं निर्यात केलं, गूगलकडून माझा सगळा गठ्ठा मागवला आणि तो उघडून वाचता येतो का हे पाहिलं. नवा कोरा फोन, आणि मी त्यातून बाहेर पडायची तालीम करत होते.

“तू पण ना मावशी,” तो हसत म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला, आपला फोन पुढे केला आणि म्हणाला, “बघू, माझं किती निघतंय.”

त्याचे फोटो निघाले, नंबर निघाले. नोंदींपाशी आम्ही बराच वेळ अडलो. तो आयफोन सोडणार नाही आणि सोडावा असं मला वाटतही नाही. पण त्या दिवशी जेवायला बसेपर्यंत, आपलं काय कुठे ठेवलंय हे त्याला माहीत झालं होतं.