पायाखालचा प्ले

टूलरूममध्ये वर्षं काढली की कुठल्याही जोडाकडे बघताना नजर आधी प्ले, म्हणजे जोडातली मोकळी हालचाल, शोधते. सायकलच्या बुटाला क्लीट, म्हणजे पेडलच्या खटक्यात अडकणारा तळव्याचा तुकडा, बसवतानाही माझं तेच होतं. गुडघा काही गाइड पिनसारखा सरळ रेषेत वरखाली होत नाही. पेडल मारताना टाच जराशी आत-बाहेर सरकतेच. शिमानोच्या तीन बोल्टच्या पिवळ्या क्लीटला 6 अंशांचा प्ले असतो, निळ्या क्लीटला 2, लाल क्लीटला शून्य. शर्यतवाल्यांची म्हणून पोरं लाल मागतात. मी पिवळीच देतो. जुन्या हायवेने कामशेत गाठेपर्यंत गुडघाच हिशेब सांगतो.

पण त्याआधी ठरवायचं ते क्लीट दोन बोल्टची की तीन. तीन बोल्टची चाल शर्यतीतून आली. 1985 साली बर्नार इनो लुक कंपनीच्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकले आणि पायाला पट्टा आवळायचे दिवस सरत गेले. लुक मुळात स्कीची बाइंडिंग बनवणारी. तिथलाच खटका इथे आला. टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो. युरोपातल्या मोकळ्या घाटात तो सुटला काय, न सुटला काय! तळवडे-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटताना जाऊन बघा. कंटेनर, कंपन्यांच्या बस, राँग साइडने येणारी दुचाकी. पाय सारखा टेकवावा लागतो. इथे दोन बोल्टचं एसपीडीच हवं. पेडलला दोन्ही बाजूंनी खटका, क्लीट तळव्यात बुडालेली, त्यामुळे टपरीवर चहाला उतरलात तरी माणसासारखं चालता येतं. तीन बोल्टची प्लॅस्टिकची क्लीट बाहेर आलेली असते. फरशीवर घसरते, चालून झिजते. ती निगडीहून पहाटे लोणावळ्याला जाणाऱ्यांसाठी. लांबच्या रपेटीत तिचा रुंद आधार कळतो.

आयर्नमन ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांब ट्रायथलॉन पूर्ण केलेले कृष्ण प्रकाश पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्त झाले, आणि आयर्नमन हा शब्द इथे घरोघरी गेला. तेव्हापासून मला ट्रायथलॉनच्या बुटाबद्दल विचारणारे वाढले. एकच रुंद पट्टी, मागे बोट घालून ओढायला लूप, मोज्याशिवाय ओला पाय थेट आत. कसलेले खेळाडू बूट आधीच पेडलला लावून रबरबँडने आडवे धरतात आणि सायकल पळती झाल्यावर पाय घालतात. सेकंद वाचतात, खरंय. पण पहिल्या शर्यतीला निघालेल्याने ही कसरत करू नये. शांतपणे बसून बूट घालावेत, आयर्नमनमध्ये पुढे सायकलचे 180 किलोमीटर आहेत.

बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. पंजा रुंद असेल तर वाइड माप मागा. पेडल साधं चालेल, बुटात काटकसर नको.