ट्रेझर आयलंडमधली आई

आमच्या घरात इंग्रजी पुस्तकं मोजकीच होती. त्यांत सगळ्यांत देखणं होतं ‘ट्रेझर आयलंड’. न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्सने 1911 साली एन. सी. वायथ या चित्रकाराच्या रंगीत चित्रांसह ही आवृत्ती काढली; आमची प्रत तिचंच पुढचं पुनर्मुद्रण. काळी कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं रंगीत चित्र. पुठ्ठा उघडला की आतल्या पोस्तिनावर चाच्यांची टोळी दिसायची. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा वडिलांनी ते घेतलं होतं.

मला ते वाचून दाखवलं आत्याने. छातीच्या दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी तिला कोरड्या हवेत राहायला सांगितलं, म्हणून ती मुंबईहून आमच्याकडे देवळालीला आली. देवळालीची सॅनेटोरियम याच हवेच्या भरवशावर उभी राहिली, त्यामुळे हवापालटाला आलेली माणसं आम्हाला नवी नव्हती. आत्याची मुलं मात्र शाळेमुळे गिरगावातच राहिली होती. दुपारी व्हरांड्यात बसून ती एकेक परिच्छेद इंग्रजीत वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. दम लागला की थांबायची. तेवढ्या वेळात मी चित्रं बघत बसायचे.

सरावाच्या दिवशी कॅम्पातल्या लष्करी तोफखान्याच्या रेंजवरून धडाधड आवाज यायचे आणि खिडक्यांची तावदानं थरथरायची. हिस्पॅनिओला जहाजावरून बेटावरच्या लाकडी गढीवर तोफ डागली जाते, तो भाग आम्ही अशाच एका दुपारी वाचला. गोष्टीतला चाचा इस्रायल हँड्स हा पूर्वी कॅप्टन फ्लिंटचा गोलंदाज होता, हे ऐकून तर मला तो कॅम्पातलाच माणूस वाटायला लागला. आमच्या ओळीतल्या कितीतरी घरांतले पुरुष तोफखान्यातच होते.

चित्रांमध्ये मला भीती वाटायची ती आंधळ्या प्यूची. चांदण्यात काठी पुढे करून चाचपडत येणारा तो माणूस दिसला की मी पान उलटायला लावायचे. आत्या थांबायची ती दुसऱ्याच चित्रापाशी. गोष्टीचा नायक, पोरसवदा जिम हॉकिन्स घर सोडून सफरीला निघाला आहे. तो पुढे, आणि मागे घराजवळ तोंड झाकून रडणारी त्याची आई. कादंबरीचा लेखक स्टीव्हन्सन याने आईचा हा निरोप जेमतेम एका वाक्यात उरकला आहे. लेखकाला जहाज गाठायची घाई आहे. आईचं रडणं तर त्याने लिहिलेलंच नाही. वायथने मात्र तेवढ्या एका वाक्यासाठी जवळपास चार फूट उंचीचा कॅनव्हास रंगवला. आत्या त्या पानावर बोट ठेवून मला म्हणाली, “पोरगा पुढे बघतोय बघ. तसंच बघावं त्याने.” त्या वेळी मला त्यातलं काही कळलं नाही. माझी मुलगी शिकायला परगावी गेली, तेव्हा आत्याचं वाक्य मला पुरतं कळलं.

पुढे या कादंबरीची जन्मकथा वाचली, तेव्हा आत्याची फार आठवण आली. 1881 च्या पावसाळी उन्हाळ्यात, स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, स्टीव्हन्सन आपल्या बारा-तेरा वर्षांच्या सावत्र मुलाबरोबर रंगांशी खेळत असताना एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि त्यातून गोष्ट सुरू झाली. पंधरा प्रकरणांनंतर ती अडली. स्टीव्हन्सनची छाती कमकुवत होती. हवापालटासाठी तो स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेला आणि तिथे उरलेली कादंबरी त्याने झपाट्याने पूर्ण केली. 1883 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. एका पायाच्या चाच्याची, लाँग जॉन सिल्व्हरची, ताकद आणि रुबाब त्याने उचलला तो हेन्ली या कविमित्रावरून. हाडांच्या क्षयामुळे हेन्लीचा एक पाय कापावा लागला होता. अंथरुणाशी झगडणाऱ्या माणसांमधून इतकी धावती, इतकी निरोगी गोष्ट उभी राहिली. दम खात-खात ती वाचणाऱ्या माझ्या आत्याला हे सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

एवढ्या पावसाळ्यांनी पुस्तकाची पाठ सुटली. चित्रं गुळगुळीत आर्टपेपरवर छापलेली. असा कागद ओला झाला की त्यावरचा लेप चिकट होतो आणि पानं एकमेकांना कायमची धरून बसतात. तसं होण्याआधी मी ते नाशिकला एका जुन्या बाइंडरकाकांकडे नेलं. त्यांची उमेदीची वर्षं वाचनालयांची पुस्तकं बांधण्यात गेलेली. त्यांनी फर्मे सुटे केले, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि पुन्हा दोऱ्याने जुजबंदी केली. चिकटवायला मैद्याची खळच वापरली. “खळ पाण्याने सुटते. उद्या परत दुरुस्त करायची वेळ आली तर कागद फाटणार नाही,” असं त्यांनी समजावलं. जुनं काळं कापड आणि वरचं चित्र त्यांनी नव्या पाठीवर जसंच्या तसं बसवलं. मी विचारलं, “आता कपाटात कसं ठेवू?” ते म्हणाले, “उघडत राहा ताई. शिवण वापरासाठीच असते.”

हे मी मनापासून मानते. उत्तम कागद, पक्की शिवण आणि मोठ्या चित्रकाराची चित्रं यांवर खर्च होतो तो पुस्तक अनेक हातांतून जावं म्हणून. भारी आवृत्ती विकत घेऊन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की हात धुऊन घ्या आणि ती मुलांच्या मांडीवर द्या. मजकूर मोबाइलवरही वाचता येतो. पण लेखक जिथून घाईने पुढे गेला तिथे चित्रकार का थांबला, हे कळायला मुलाला पान उघडं ठेवून बसता आलं पाहिजे, आणि शेजारी बसून त्याच्याशी बोलणारं एक मोठं माणूसही हवं. आमची प्रत आता भाचीच्या मुलाकडे गेली आहे. देताना मी त्याला एकच अट घातली: मित्रांनाही वाचायला द्यायची.